पट्टीच्या विणीचा बिनबाह्यांचा स्वेटर
पट्टीच्या विणीचा बिनबाह्यांचा स्वेटर हे दोन सुयांवर लोकरीने विणलेले, अंगाला घट्ट बसणारे वस्त्र आहे. सारंगखेड्याची (जिल्हा नंदुरबार) दत्तजयंतीची यात्रा मार्गशीर्षात भरते. अशा थंडीत ते सदऱ्यावर घालता येते.

दोन सुलट व दोन उलट टाके एकाआड एक घेतल्याने उभ्या पट्ट्या पडतात. उलट टाके मागे दबतात. त्यामुळे वीण रुंदीत आक्रसते आणि ताणल्यास पसरते.

आधी नमुना विणून, तो हलका ताणून टाके मोजतात. घेर छातीपेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर कमी ठेवतात. छाती ९० सेंटिमीटर व १० सेंटिमीटरात २० टाके असल्यास एकूण १७० टाके येतात. पट्ट्या जुळाव्यात म्हणून पुढच्या व मागच्या भागाला प्रत्येकी ८६ टाके घालतात. गळ्याचे टाके सैल बंद करतात. अन्यथा डोके आत जात नाही.