काळ्या गाळातले सोने

सराफकट्ट्यावरचे झारेकरी माझ्या पिढीने पाहिले आहेत. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून घ्यायची, गटारातला गाळ उपसायचा, तो पाटीत घेऊन पाण्यात पुन्हा पुन्हा घोळायचा आणि तळाशी उरलेला काळा थर जपून न्यायचा, असा त्यांचा धंदा. लहानपणी मी एका झारेकऱ्याला विचारले होते, "चाचा, यात सोनं कुठंय?" ते हसले. म्हणाले, "दिसलं असतं तर सोनारानं टाकलं असतं का, बेटा?"

कॅनडातल्या एस्के क्रीक या सोन्याचांदीच्या खाणीची हकीकत वाचताना मला हे चाचा आठवले.

कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया हा प्रांत आहे. त्याच्या वायव्येला, अलास्काच्या सरहद्दीजवळ, डोंगर, हिमनद्या आणि वर्षातले कित्येक महिने बर्फ. जवळचे गाव स्ट्युअर्ट, तेही सुमारे ८० किलोमीटरवर. १९९० च्या दशकापर्यंत तिथे जायला रस्ता नव्हता. पायी जायचे, नाहीतर विमानाने किंवा हेलिकॉप्टरने. निर्जन मात्र म्हणू नये. हा ताल्तान लोकांचा मुलूख. यांच्या पूर्वजांना दगडाची पारख आपल्या कितीतरी आधी होती. उत्तरेकडच्या एडझिझा या ज्वालामुखीची काळी काच फोडून ते पाती करत, आणि ती पाती व्यापारात शेकडो मैल दूर जात.

१९३२ मध्ये टॉम मॅके नावाच्या शोधकाने इथे हक्काच्या खुंट्या रोवल्या. डोंगरउतारावर गंजल्यासारखे तांबूस-पिवळे पट्टे दिसत होते. गंधक मिसळलेली खनिजे उघड्यावर कुजली की खडकाला असा रंग येतो. खाली काहीतरी आहे, हे जाणत्याला कळते. स्ट्युअर्टजवळची प्रीमियर ही श्रीमंत खाण तेव्हा नावाजलेली होती. त्या कंपनीची माणसे १९३५ ते १९३८ या काळात इथे आली, त्यांनी खनिजाच्या सुमारे तीस जागा शोधल्या, त्यांना क्रमांक दिले आणि निघून गेली. पुढे पन्नास वर्षे हेच चालले. एक कंपनी यायची, थोडे खणायची, बोअर मारायची, हात झटकून परत जायची. मॅके मात्र हलले नाहीत. कधी स्वतः खणले, कधी दुसऱ्याला खणायला दिले. आपल्याकडे सबुरी हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. एकाच डोंगरावर अर्धे शतक डोळा लावून बसणे, याला सबुरी म्हणतात.

मग इतक्या जाणत्यांना सोने का मिळाले नाही? मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे. पण मला समजले ते असे. सोने म्हटले की शोधकाच्या डोळ्यांपुढे शीर येते. खडकाला भेग पडते, तीत खोलवरचे गरम पाणी चढते, गारगोटी साकळते आणि तिच्याबरोबर सोने. आपल्या कोलारचे सोने असेच शिरांमधले. एस्के क्रीकचे खरे घबाड शिरांमध्ये नव्हतेच. सुमारे साडेसतरा कोटी वर्षांपूर्वी हा डोंगर समुद्राचा तळ होता. त्या तळावर ज्वालामुखीच्या आचेने तापलेले झरे फुटत. गरम पाणी समुद्राच्या थंड पाण्याला भेटले की त्यातली खनिजे तिथेच खाली बसत. जस्त, शिसे, अँटिमनी, पारा, आणि त्यांच्या सोबतीने सोने-चांदी. समुद्रातला काळा चिखल वरून साचत गेला आणि सगळ्याचा मिळून खडक झाला. सोन्याचे कण इतके बारीक की बहुतेक साध्या डोळ्यांना दिसणार नाहीत. आणि सगळ्यात श्रीमंत थर जमिनीवर कुठेच उघडा पडलेला नव्हता.

१९८८ मध्ये मॅके यांच्या स्टिकीन सिल्व्हर कंपनीशी करार करून कॅल्पाइन या छोट्या कंपनीने नव्याने बोअर मारायला घेतले. जागा जुनीच, प्रीमियरवाल्यांनी २१ क्रमांक दिलेली. सहाव्या बोअरमध्ये सुमारे २९ मीटर खडक असा निघाला की टनामागे २५ ग्रॅम सोने. मग पुढच्या वर्षी, ऑगस्ट १९८९ मध्ये, बोअर क्रमांक १०९. सलग २०८ मीटर, टनामागे सरासरी २७ ग्रॅम सोने! टनाला पाच-सात ग्रॅम मिळाले तरी जमिनीखालची खाण चालते, हे लक्षात घेतले म्हणजे व्हँकुव्हरच्या शेअरबाजारात काय धांदल उडाली असेल याची कल्पना येईल. टॉम मॅके हे पाहायला नव्हते. ते आधीच वारले होते.

१९९५ ते २००८ या काळात ही भूमिगत खाण चालली. बावीस लाख टनांच्या आसपास दगड निघाला. त्यात सोने सुमारे १०० टन, चांदी जवळजवळ पाच हजार टन. सुरुवातीला तर दगड इतका कसदार होता की तिथे शुद्ध करायची गरजच पडली नाही. फोडून, ट्रकात भरून, तो थेट जपानच्या आणि क्युबेकच्या भट्ट्यांकडे गेला. ताल्तान लोकांना विचारून मग परवानगी द्यायची, असा औपचारिक करार व्हायला मात्र २०२२ साल उजाडले. तोही जुन्या खाणीसाठी नव्हे, त्याच जागी नव्याने आखलेल्या उघड्या खाणीसाठी.

दगड दळून धातू काढल्यावर मागे गाळ उरतो. या गाळात गंधक असते, हवा लागली की त्याचे आम्ल होते आणि नद्या नासतात. म्हणून तो पाण्याखाली बुडवून ठेवायचा. एस्के क्रीकच्या खाणवाल्यांनी त्यासाठी जवळचे एक तळे निवडले. नकाशात त्या तळ्याचे नाव टॉम मॅके लेक असे आहे.