कारखान्यातून आलेले 'देशी' कौल

कौलारू घर दिसले की 'अस्सल देशी, म्हणून पर्यावरणस्नेही' असा शिक्का मारून अनेक वास्तुरचनाकार मोकळे होतात. पण कोकण-गोव्यातले चपटे मंगलोरी कौल मुळात कारखान्याचे. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट फ्रान्समधल्या अल्सासच्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये घेतले. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या जॉर्ज प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरला अशाच कौलांचा कारखाना काढला. नेत्रावतीकाठची चिकणमाती, भट्टीत लाकूडच लाकूड आणि माल समुद्रमार्गे पार मुंबईपर्यंत!

त्यापुढे कुंभाराची नळीची कौले, गवताची शाकारणी मागे पडली.

कौलाचा खरा गुण मात्र वेगळाच. सहसा ते चुन्या-खिळ्याविना नुसते रिपांवर बसते, म्हणून घर पाडले तरी सुटी कौले दुसऱ्या छपरावर चढतात. जुन्या कौलांना आजही गिऱ्हाईक मिळते.