मिसरोदची शीव

भोपाळहून होशंगाबादच्या (2022 पासून नर्मदापुरम) रस्त्याने निघालात की बागमुगालिया, जाटखेडी, मिसरोद अशी नावे लागतात. ही सगळी मुळात गावे. मधली शेते गेली, वसाहती आल्या आणि अमुक वसाहत जाटखेडीत की मिसरोदमध्ये, हा वाद उरला.

मी सरकारी कारकून. मला तर या वादात सगळेच खरे वाटतात, कारण प्रत्येकाच्या हाती वेगळा कागद आहे. पटवारी (आपला तलाठी) गावाचे नाव सांगतो, महापालिका वॉर्ड, टपालखाते पिनकोड. 2013 साली बीआरटीएस सुरू झाली तेव्हा बसवाल्यांचे मिसरोद म्हणजे मार्गाचे टोक. 2024 मध्ये ती मार्गिका उखडायला घेतली, म्हणजे तीही खूण गेली.

मुंबईच्या शीवचे नावच हद्दीवरून पडले. मुंबई बेट तिथे संपायचे, पलीकडे साष्टी (आपली नव्हे, मुंबईची). आज तिथे हद्द कोणाला दिसते? आपल्याकडे गोव्यात निदान शिवेवर राखणदार तरी असतो.

मिसरोदला राखणदाराचे काम जुना खसरा क्रमांक करतो. वॉर्ड बदलतात, बिल्डर पाटीवर हवे ते नाव लिहितो. खरेदीखतात मात्र मूळ गावच येते. घर घेणाऱ्याने तेवढे वाचावे.