खारेकुरण रोडवरचं बिऱ्हाड

१९६८चा पावसाळा. पालघर स्टेशनात पॅसेंजर थांबते आणि तुम्ही उतरता. विजेची तार अजून विरारलाच संपते, त्यामुळे इंजिनाच्या धुराचा वास कपड्यांना चिकटलेला आहे. फलाटावर सातपाटीच्या मासळीच्या पाट्या रचून ठेवल्यात, बर्फाचं पाणी तुमच्या चपलांखालून वाहतंय. नव्या कॉलेजची वाट विचारलीत, तर पाटीवरून नजरही न काढता एक बाई सांगते, ‘खारेकुरणच्या रस्त्यानं सरळ जा.’

तुम्ही निघता. पश्चिमेला, समुद्राच्या दिशेनं. गाव मागे पडतं, दोन्ही बाजूंना भातखाचरं लागतात. वाकलेल्या पाठी लावणीत गुंतलेल्या. छत्री सावरत चाललेली दोन-चार मुलं तुमच्या पुढे आहेत; एकाच्या हातातली वही मेणकापडात गुंडाळलेली. कालपर्यंत या भागातल्या मुलानं मॅट्रिक केलं की मुंबईत कुणा नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकायची, नाहीतर शिक्षणाला रामराम. मुलींच्या बाबतीत बहुतेक वेळा हा दुसरा पर्यायच. आज त्यांना केळव्याहून, सफाळ्याहून, बोईसरहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परत जाता येतंय. घर न सोडता पदवी मिळते, हे या पट्ट्यात पहिल्यांदाच खरं वाटू लागलंय.

संस्थेला नाव सोनोपंत दांडेकरांचं. ते इथल्याच केळवे-माहीमचे. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे अध्यापक आणि त्याच वेळी वारकरी कीर्तनकार. वर्गात शिकवायचं आणि तेच ज्ञानेश्वरीच्या वाटेनं चारचौघांत उभं राहून सांगायचं, यात त्यांना अंतर वाटलं नाही. याच वर्षीच्या जुलैत ते गेले. कॉलेज आणि गाव यांच्यामधलं दार कसं असावं, याचा नमुना शोधायला पालघरला लांब जायची गरज नव्हती.

आता कॉलेजच्या चारी बाजूंना नीट बघून घ्या. शेजार म्हणावा असा शेजार नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे कधीतरी याच रस्त्यावरच्या एखाद्या गॅलरीतून ‘या कॉलेजच्या पोरांनी वैताग आणलाय’ असं कुणी म्हणेल, तेव्हा आधी कोण आलं होतं हे तुम्हाला सांगता यायला हवं.

एका वर्षानं पुढे या, आणि थोडं उत्तरेला. १९६९चा ऑक्टोबर, तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालंय; अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या. बोईसरला केंद्राची वसाहत आहे: झाडं, सरळ रस्ते, क्वार्टर्स आणि फाटकावर पहारा. तुम्ही फाटकापाशी उभे राहता, पास नसल्यामुळे तिथंच थांबता. अणुकेंद्राच्या वसाहतीला पहारा लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण काही दशकं ओलांडून या, नव्या शतकात, तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं जागेवरून उठली त्या काळात. एका आवाराला जागा हवी होती आणि शेजाऱ्याचं गावच गेलं. त्याच्याशी तुलना करून पाहिलं, की पालघरच्या कॉलेजनं मिळवलेल्या साध्या गोष्टीची किंमत कळते: त्याच्या भोवती वस्ती वाढली.

१९८५. आता तुम्ही शटलमध्ये आहात. डब्यात दुधाच्या बरण्या, भाजीच्या पाट्या, तारापूर एमआयडीसीत पाळीवर निघालेले कामगार आणि पुढ्यात पुस्तक उघडून बसलेल्या मुली. या कॉलेजचा खरा शेजार हा डबा आहे, असं माझं मत आहे. डहाणू, वाणगाव, बोईसर, सफाळे ही त्याची आळी. शेवटचा तास सुरू असतो तेव्हा अर्ध्या वर्गाचं लक्ष घड्याळाकडे लागलेलं असतं, कारण शटल चुकली तर पुढची गाडी केव्हा याचा भरवसा नाही. रस्त्यावरच्या चहावाल्यालाही गाड्यांचं वेळापत्रक पाठ. उधारीच्या वहीत नावं आहेत, त्यापुढे स्टेशनांची नावं. खाचरांच्या जागी घरं उभी राहिली आहेत. मागच्या खोल्यांत प्राध्यापकांची बिऱ्हाडं, माडीवर चार मुलं. झेरॉक्सचं दुकान, खानावळ, शिकवण्या. वस्ती कॉलेजच्या जिवावर चालते आणि कॉलेज वस्तीच्या, आणि हे कुणाला बोलून दाखवावं लागत नाही.

१९ नोव्हेंबर २०१२. इथं थांबावंसं वाटणार नाही, पण थांबा. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी बंद पाळण्यावर प्रश्न विचारणारी फेसबुकवरची एक पोस्ट, तिला दिलेली पसंती, आणि पालघरात दोन तरुण मुलींना अटक. एकीच्या नातेवाइकांच्या दवाखान्याची मोडतोड. पालघरचं नाव जगभरच्या बातम्यांत गेलं ते असं. २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द केलं, त्या निकालामागे ही अटक होती. पण तुम्ही आत्ता २०१२मध्ये आहात, आणि कॉलेजच्या वयाच्या प्रत्येक मुलीच्या घरी आज एकच वाक्य बोललं जातंय: तू काही लिहू नकोस. वर्गात प्रश्न विचारायला शिकवायचं आणि वर्गाबाहेर पडताच गप्प बसवायचं, हे ज्या गावात घडतं तिथं कॉलेज कितीही जुनं असो, ते गावात पुरतं पोचलेलं नसतं.

लोकल १६ एप्रिल २०१३ला डहाणूपर्यंत आली. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला. घरांचे भाव चढले.

२०१६. कॉलेजवरून पुढे, त्याच रस्त्यानं खाडीकडे चला. मुरबे आणि सातपाटीच्या मधली ही खाडी. मासेमारांची तक्रार तारापूरच्या कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल आहे, आणि अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ती घेऊन हरित लवादाकडे गेली आहे. ज्या रस्त्यावर विज्ञान शाखेची प्रयोगशाळा आहे, त्याच रस्त्यानं पुढे ही खाडी लागते. दर महिन्याला बाटलीभर पाणी तपासून आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला फार पैसा लागत नाही. कॉलेजनं शेजाऱ्याला द्यावं असं यापेक्षा मोलाचं मला दुसरं सुचत नाही.

आणि आता २०१७, जून. तुमच्याबरोबर एक मुलगा आहे. जव्हारकडच्या पाड्यावरून निघून, विक्रमगड आणि मनोर करत तो एसटीनं आलाय. प्रवेश मिळालाय, पण आदिवासी मुलांच्या वसतिगृहात जागा नाही. अशा मुलांसाठी शासनाची स्वयम् योजना आहे: जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये, त्यातले २५,००० जेवणाचे, १२,००० राहण्याचे, ६,००० निर्वाहाचे. म्हणजे खोलीसाठी महिन्याला १,००० रुपये. तुम्ही दोघं दारं वाजवत फिरता. पहिल्या घरी भाडं ऐकूनच परतता. दुसऱ्या घरी गृहस्थ खुर्ची देतात, पाणी देतात, आडनाव विचारतात आणि मग त्यांना आठवतं की खोली भाचीला द्यायची ठरली आहे. तिसऱ्या दारात प्रश्न येतो, ‘मच्छी-मटण करणार का?’ सातपाटीच्या पापलेटवर पोसलेल्या गावात!

कॉलेज आणि गाव यांच्यातली तेढ नवी नाही. १३५५ साली ऑक्सफर्डमध्ये दारूच्या गुत्त्यावर सुरू झालेलं भांडण विद्यार्थी आणि गावकरी यांच्यातल्या कत्तलीपर्यंत गेलं होतं. तिथं राजाची मर्जी विद्यापीठावर होती आणि गाव चिडलेलं होतं. इथं उलट आहे. सत्ता गावाच्या हातात आहे, किल्लीच्या रूपात, आणि समोर उभ्या असलेल्या मुलाकडे फक्त प्रवेशाची पावती. मारामारी होत नाही, दगड उडत नाहीत, म्हणून संबंध चांगले आहेत असं आपण धरून चालतो. प्रवेशाची यादी कॉलेज लावतं, पण शिकणार कोण हे पुष्कळदा खोलीमालक ठरवतो. याच जिल्ह्यात, कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच पाड्यात नेली. पाड्यातला मुलगा आता स्वतःहून दारात आलाय. आपल्याला तेवढंही चालून जायचं नाही.

सहाव्या घरी बाई हिशेब करत बसल्यात. चष्मा वर सरकवून त्या सांगतात, मागची खोली आहे, आधीच दोन मुलं राहतात, हा तिसरा, माणशी हजार. अनामत नको. शिष्यवृत्तीचा हप्ता उशिरा आला तर आधी सांगायचं, लपवायचं नाही. पाणी सकाळी साडेसहाला येतं, अर्धा तासच. ‘काय शिजवायचं ते तुम्ही तिघं ठरवा,’ त्या म्हणतात, ‘पण गॅस रात्री बंद केलास का ते मी रोज विचारणार.’ मुलगा पिशवी खाली ठेवतो आणि भाडेकराराचा कागद मिळेल का, असं विचारतो. बाई त्याला झेरॉक्सच्या दुकानाची वाट सांगतात.