४ फूट ११ इंचांच्या मास्तरीणबाई

कुणी भाकरी थापत असेल, कुणी रानातून येऊन नुकती टेकली असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज लंडनची गोष्ट सांगायची आहे, शंभर वर्षांहून जुनी. एका ठेंगण्या बाईची आणि तिच्याकडून डाव शिकून पोलिसांना भिडलेल्या बायकांची.

बाईचं नाव एडिथ गॅरूड. जन्म १८७२ चा. उंची ४ फूट ११ इंच. आपल्या गटात उभी राहिली असती तर फारशी वेगळी दिसली नसती. तिचा नवरा विल्यम व्यायाम शिकवायचा, तीही शिकवायची. त्याच सुमाराला, १८९९ च्या आसपास, बार्टन-राइट नावाचा एक इंग्रज इंजिनिअर जपानमध्ये राहून परत आला आणि त्यानं तिथले जुजुत्सूचे उस्ताद लंडनला बोलावून घेतले. त्यांतले एक युकिओ तानी. अंगानं अगदी लहानखुरे. हे तानी करमणुकीच्या थिएटरात रंगमंचावर उभे राहायचे आणि आव्हान द्यायचे, की माझ्यासमोर ठरलेली मिनिटं टिकून दाखवा आणि बक्षीस घेऊन जा. चांगले दांडगे पैलवान यायचे आणि आडवे व्हायचे. लोक टाळ्या वाजवायचे, पण बऱ्याच जणांना ती हातचलाखीच वाटायची. थिएटरातली गंमत, रस्त्यावर कशाला उपयोगी पडणार?

गॅरूड नवराबायको सादाकाझू उयेनिशी या दुसऱ्या उस्तादांकडे शिकले. १९०८ मध्ये उयेनिशी गेले, शाळा विल्यमनं चालवायला घेतली, आणि बायका-मुलांचे वर्ग एडिथबाईंकडे आले.

आता यात असं काय होतं, की एवढीशी बाई मोठ्या माणसाला पाडू शकत होती? ताकदीला ताकद लावायचीच नाही, ही त्यातली मेख. समोरचा ढकलतोय ना, मग आपण उलट ढकलायचं नाही, बाजूला सरायचं आणि त्याला त्याच्याच जोरानं पुढे जाऊ द्यायचं. माणूस पाऊल उचलतो तेव्हा क्षणभर एकाच पायावर असतो. ९० किलोचा असला तरी त्या क्षणाला त्याचा तोल आपल्या हातात असतो. डोक्यावर हंडा घेऊन ओल्या पायवाटेनं चालणाऱ्या बाईला तोल म्हणजे काय ते मी सांगायला नको. दुसरी गोष्ट सांध्यांची. दंड कितीही जाड असू दे, बोट, मनगट, कोपर उलट्या दिशेला वळत नाही. तिथं दाब आला की दांडगा माणूससुद्धा आपसूक वाकतो.

एक साधं सांगते. कुणी आपलं मनगट धरलं तर आपण काय करतो? हात सरळ मागे ओढतो. तिथंच फसतो, कारण तेव्हा त्याची चारही बोटं घट्ट अडवून धरतात. पकड कच्ची असते ती अंगठ्याकडे, जिथं अंगठा आणि बोटांची टोकं मिळतात तिथं. मनगट त्या फटीकडे वळवायचं, कोपर त्याच्याकडे पुढे न्यायचं आणि त्याच बाजूनं झटक्यात हात सोडवायचा. घरी नणंदेला नाहीतर लेकीला मनगट धरायला सांगून बघा. दहा-बारा वेळा तरी करा, एकदा करून जमत नाही.

तर बायकांना मत मिळावं म्हणून तेव्हा इंग्लंडमध्ये चळवळ तापली होती. एमेलिन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये काढलेली बायकांची संघटना आघाडीवर होती. सभेत बायका बोलायला उठल्या की टवाळ पुरुष अंगावर यायचे. १९०९ मध्ये गॅरूडबाईंनी या संघटनेसाठी जुजुत्सूची प्रात्यक्षिकं केली आणि वर्ग सुरू झाले. गंमत म्हणून बघायला आलेल्यांना धक्काच बसला. १९१० च्या जुलैमध्ये 'पंच' या विनोदी साप्ताहिकात चित्र आलं: एक चिमुकली बाई कंबर कसून उभी, काही पोलीस कुंपणावर भिरकावलेले, बाकीचे भेदरलेले. चित्रात चेष्टा होती, हे खरं. पण ज्याची जराही भीती वाटत नाही, त्याची चेष्टा करायला कुणी चित्रकार बसवत नाही, असं मला वाटतं.

त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सुमारे ३०० बायका संसदेकडे निघाल्या. पुढच्या फळीत पंजाबच्या महाराजा रणजितसिंगांची नात सोफिया दुलीपसिंगही होती. त्या दिवशी जवळजवळ सहा तास पोलिसांनी बायकांना ढकललं, मारलं, जमिनीवर आपटलं. नंतर १३५ जबान्या गोळा झाल्या, त्यांतल्या २९ जबान्यांत अंगचटीला गेल्याच्या, नको तिथं हात लावल्याच्या तक्रारी होत्या. त्या काळात हे कागदावर लिहून द्यायचं म्हणजे केवढी हिंमत! पुढचं सगळं समजून घ्यायचं तर हा दिवस लक्षात ठेवायला हवा.

१९१३ मध्ये सरकारनं नवा कायदा केला. तुरुंगात उपोषण करून बाई खंगली की सोडायची, अंगात थोडी ताकद आली की परत पकडायची. लोक त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणायचे. पँकहर्स्टबाईंना पुन्हापुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून २५-३० बायकांचं अंगरक्षक पथक उभं राहिलं. प्रमुख होती कॅनडाहून आलेली गर्ट्रूड हार्डिंग, आणि शिकवायला आपल्या गॅरूडबाई. जागा बदलत, गुपचूप सराव चालायचा.

या बायका झग्यात काय लपवून न्यायच्या, माहीत आहे? मुद्गल! तालमीत पोरं फिरवतात तेच, फक्त आकारानं बाटलीएवढे. इंग्रज फौजेतल्या लोकांनी ते इथल्या आखाड्यांत पाहिले, आवडले, आणि तिकडे नेले. तिकडे त्यांना भारतीय मुद्गल असंच नाव पडलं आणि इंग्लंडमधल्या बायकामुलीही व्यायामाला ते फिरवू लागल्या. आपल्याकडे मात्र बहुतेक तालमींच्या उंबऱ्याच्या आत बाईनं पाऊल टाकायचं नाही, अशी रीत होती. याला काय म्हणावं!

फेब्रुवारी १९१४ मध्ये लंडनमध्ये पँकहर्स्टबाई एका घराच्या गच्चीतून बोलल्या. खाली पोलीस टपलेले. भाषण झालं, तोंडावर जाळी ओढलेली एक बाई अंगरक्षकांच्या गराड्यात बाहेर आली, झटापट झाली, पोलिसांनी तिला उचलून नेलं. जाळी काढून बघतात तर बाई दुसरीच! खऱ्या पँकहर्स्टबाई तोवर निसटल्या होत्या.

ग्लासगोत मात्र तसं झालं नाही. ९ मार्च १९१४, सेंट अँड्र्यूज हॉल. पथकातल्या बायका रात्रीच्या रेल्वेनं नाटक कंपनी असल्याचं सांगत लंडनहून आल्या. पँकहर्स्टबाई तिकीट काढून साध्या श्रोत्यासारख्या आत शिरल्या. मंचाभोवती फुलांची सजावट होती आणि फुलांच्या आड काटेरी तार. पोलीस चढायला गेले आणि सोलपटले. मुद्गल चालले, दंडुके चालले, खुर्च्या उडाल्या. शेवटी पोलिसांनी बाईंना ओढून नेलंच. डावपेच जाणणाऱ्या ३० बायका संख्येनं जास्त असलेल्या पोलिसांना हरवू शकल्या नाहीत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हजारो लोकांनी डोळ्यांदेखत बघितलं की भाषणाला आलेल्या बाईला पकडायला सरकारला एवढी मारामारी करावी लागते. मला विचाराल तर डाव अपेक्षेपेक्षा जास्त चालला तो असा. शत्रूला लोळवण्यापेक्षा निसटायला, वेळ काढायला आणि घाबरून गोठून न जायला तो कामी आला.

आमच्या भागात मुलींसाठी दोन दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर होतं, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं. मग कुणीतरी म्हणतंच, एवढीशी पोर काय करणार? दोन दिवसांत काही करणार नाही, हे मलाही पटतं. गॅरूडबाईंच्या बायका महिनोन्महिने सराव करत होत्या, तोही एकमेकींबरोबर. म्हणून बचतीच्या बैठकीत मी मागणी ठेवली आहे, की आठवड्याला एक तास, वर्षभर, आणि त्यात नुसत्या मुली नकोत, आयासुद्धा हव्यात. काहीजणी हसल्या. दोघींनी नावं दिली.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध लागलं आणि पथक मोडलं. १९१८ मध्ये तिशीपुढच्या काही बायकांना मत मिळालं, पुरुषांच्या बरोबरीनं मिळायला १९२८ उजाडलं. गॅरूडबाई १९७१ पर्यंत, वयाच्या ९९ व्या वर्षापर्यंत जगल्या. म्हातारपणी त्या एक आठवण सांगायच्या. दुकानांच्या काचा फोडून बायका पळत त्यांच्या शाळेत यायच्या, उरलेले दगड आणि मुद्गल जमिनीतल्या झाकणाखाली टाकायच्या आणि झटपट व्यायामाचे कपडे चढवायच्या. मागोमाग पोलीस दारात. आत बघतात तर बायकांचा वर्ग शिस्तीत चाललेला, आणि मास्तरीणबाई कपाळाला आठी घालून विचारतायत, की बायकांच्या वर्गात तुम्ही असे न विचारता आलातच कसे?