पिंपळाच्या जिल्ह्यातला रुसका फायकस

आमच्या भंडारा जिल्ह्यात पिंपळाच्या, म्हणजे फायकसच्या, कुळाला कोणी जपत नाही, ते स्वतःच जगतं. पडक्या भिंतीच्या फटीत पिंपळ रुजतो, त्याला पाणी घालतो कोण? तरी इथला त्याचा मान फार जुना. वैनगंगेकाठच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झालं, तेव्हा स्तूपाचे कोरीव खांब निघाले. त्यांवर बोधिवृक्षाची पूजा आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही पिंपळापुढं माणसं हात जोडत होती.

कुंडीतला फायकस मात्र वेगळ्या वाटेनं आला. 1767 साली वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं त्याला ‘फायकस बेंजामिना’ हे नाव दिलं. या बेंजामिनाच्या भाऊबंदांपैकी रबराचं झाड आसामात चिकासाठी लावलं गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात ते युरोपच्या दिवाणखान्यांत शिरलं. अंगणातलं झाड घरात नेऊन त्याचे लाड करायचे, ही हौस मला अजूनही थोडी गमतीची वाटते.

माझ्या घरचा बेंजामिना खिडकीपासून हलवला की पानं गाळतो. त्याला रोग नसतो. उन्हासाठी घडलेली पानं कमी उजेडात परवडत नाहीत, म्हणून तो ती टाकून देतो आणि सावलीची नवी काढतो. अशा वेळी लोक घाबरून पाणी ओततात, मग मुळं कुजतात. वरची माती बोटभर कोरडी झाल्यावरच पाणी द्यावं. मे महिन्यात कूलरचा झोत थेट त्याच्यावर सोडू नये.