ज्येष्ठेचा रंग आणि तिचे माप

मे महिन्याच्या मध्यरात्री बंगळूरच्या महादेवपुऱ्यात संगणक कंपन्यांच्या इमारतींचा उजेड आकाशावर चढलेला असतो. त्या फिकट आकाशातही दक्षिणेकडे वृश्चिक राशीतील एक तांबूस तारा नजरेत भरतो. ही ज्येष्ठा. महाराष्ट्रात भाद्रपदात गौरींचे पूजन होते, ते चंद्र याच नक्षत्रात असताना. पिढ्यानपिढ्या ओळखीचा असलेला हा तारा किती मोठा आहे, हे मात्र विसाव्या शतकापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

अडचण रंगाचीच होती. तांबडा रंग एवढेच सांगतो की ताऱ्याचा पृष्ठभाग तुलनेने थंड आहे. ज्येष्ठेचे तापमान सुमारे ३,६०० केल्विन, तर सूर्याचे सुमारे ५,७७० केल्विन आहे. परंतु जवळचा लाल बटू तारा आणि अतिदूरचा लाल महाराक्षसी तारा दुर्बिणीतून सारखेच दिसू शकतात. मग त्यांतील भेद ओळखावा कसा?

पहिले थेट उत्तर १३ डिसेंबर १९२० रोजी मिळाले. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन येथे मायकेलसन आणि पीझ यांनी १०० इंची दुर्बिणीवर व्यतिकरणमापक बसवून मृगातील काक्षी ताऱ्याचा कोनीय व्यास मोजला. तो भरला ०.०४७ विकला, म्हणजे सुमारे ११० किलोमीटरांवर ठेवलेल्या अडीच सेंटिमीटर रुंदीच्या नाण्याएवढा. ही पद्धत मात्र मोजक्याच ताऱ्यांना लागू पडत होती.

दुसरा मार्ग सापडला तो वर्णपटात, आणि त्यात एका भारतीयाचा वाटा होता. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेच्या सहवासात वाढलेले वेणू बाप्पू हार्वर्डमधून डॉक्टरेट घेऊन कॅलिफोर्नियात संशोधन करीत होते. कॅल्शियमच्या ‘के’ या काळ्या वर्णरेषेच्या मध्यभागी थंड ताऱ्यांत एक बारीक तेजस्वी रेषा दिसते. ओलिन विल्सन आणि बाप्पू यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की तारा मुळात जितका तेजस्वी, तितकी ही रेषा रुंद असते. तेजस्विता ६४ पट वाढली, तर रुंदी साधारण दुप्पट होते. हाच विल्सन-बाप्पू परिणाम. रेषेच्या रुंदीवरून खरी तेजस्विता कळते. तिच्याशी दृश्य तेजाची तुलना केली की अंतर मिळते आणि तापमानाची जोड दिली की आकारही.

या गणिताचे फळ ज्येष्ठेत पाहावे. तिची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ७०० पट आहे. सूर्याच्या जागी ती ठेवली, तर मंगळाची कक्षाही तिच्या पोटात जाईल. पृष्ठभाग थंड असूनही, केवळ विस्तारामुळे ती सूर्याच्या सुमारे ७५,००० पट प्रकाश फेकते. वस्तुमान मात्र सूर्याच्या साधारण १२ पटच. त्यामुळे तिची सरासरी घनता आपल्या भोवतालच्या हवेपेक्षा हजारो पटींनी कमी आहे.

बाप्पू मायदेशी परतले. १९६० मध्ये त्यांनी कोडाईकनाल वेधशाळेची सूत्रे स्वीकारली, तमिळनाडूत कावलूर येथे नवी वेधशाळा उभारली आणि १९७१ मध्ये भारतीय खगोलभौतिकी संस्था आकाराला आणली. तिचे मुख्यालय आज बंगळुरात आहे. त्यांनी ध्यास घेतलेली २.३४ मीटरची दुर्बीण पूर्ण होण्यापूर्वीच, १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८६ मध्ये तिला त्यांचेच नाव देण्यात आले.

महादेवपुऱ्याच्याही पलीकडे, होसकोटे येथे याच संस्थेचे केंद्र आहे. लडाखमधील हान्ले येथली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण तेथून दूरनियंत्रणाने चालवली जाते. मे २०२३ मध्ये सुमारे २ कोटी १० लाख प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेत लाल महाराक्षसी ताऱ्याचा स्फोट झाला. त्या एसएन २०२३आयएक्सएफ सुपरनोव्हाचे वेध हान्लेच्या दुर्बिणीने आणि ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहाने घेतले. मरणापूर्वी त्या ताऱ्याने बरेच द्रव्य बाहेर टाकले होते आणि स्फोटाची लाट त्याच आवरणावर आदळली, असे त्यांतून दिसले.

ज्येष्ठेचा शेवटही असाच होणार आहे. तो उद्या होईल की लाखो वर्षांनी, हे तिचा रंग सांगत नाही. अखेरच्या काळात असे तारे द्रव्य का आणि कसे उधळतात, हे उलगडले तरच त्याचा अंदाज बांधता येईल.